वाचकाची वहिवाट

मार्च २००१ मध्ये फिल कार्मोडी या प्रोग्रॅमरला एक मूळ संख्या सापडली. १४०१ अंकी, आणि एक व ती स्वतः यांच्याखेरीज कशानेही भाग न जाणारी. मूळ संख्यांचा ध्यास घेतलेले लोक जगभर आहेत आणि त्यांच्या जगात चौदाशे अंक म्हणजे फार मोठं काही नाही. पण या संख्येचा गुण वेगळाच होता. ती शून्य आणि एक अशा दोनच अंकांत लिहिली, ती माळ संगणकात साठवली आणि एखादी दाबून बसवलेली फाइल उलगडावी तशी उलगडली, की आतून एक छोटासा प्रोग्रॅम निघे. तो प्रोग्रॅम डीव्हीडीवरचं डिजिटल कुलूप उघडत असे. आणि हाच प्रोग्रॅम इंटरनेटवर ठेवायला, इतकंच नव्हे तर तो जिथे मिळेल तिथली लिंक द्यायलाही, न्यूयॉर्कच्या न्यायालयाने आदल्या वर्षी एका मासिकाला मनाई केली होती.

कार्मोडीने हे साधलं कसं? संगणकातली कुठलीही फाइल म्हणजे शेवटी एक भली मोठी संख्याच असते. दाबून बसवलेल्या फाइलच्या शेपटाला चार-दोन जादा अंक जोडले तरी उलगडणारं यंत्र ते सोडून देतं. म्हणजे मूळ प्रोग्रॅमला धक्का न लावता संख्या थोडी थोडी बदलत नेता येते. अशा ठरावीक अंतराने वाढत जाणाऱ्या रांगेत मूळ संख्या पुनःपुन्हा येतातच, हे डिरिक्ले या जर्मन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सिद्ध करून ठेवलं होतं. कार्मोडी रांगेत पुढे पुढे गेला आणि त्याला हवी ती संख्या भेटली. बंदी प्रोग्रॅमवर होती, संख्येवर नव्हती. मूळ संख्येला कोण मालक असणार? ती माणूस जन्माला येण्याआधीपासून आपल्या जागी उभी आहे.

पुस्तकं आणि गाणी यांच्या रक्षणासाठी केलेला कायदा थेट मूळ संख्येच्या दारात येऊन उभा राहिला, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. तो तिथवर पोचला कसा, हे पाहू लागलं की आपल्या हातातल्या प्रत्येक ई-पुस्तकाकडे आणि गाण्याकडे नव्याने पाहावं लागतं.

आधी तो प्रोग्रॅम. १९९९ च्या शरदात तो बाहेर आला, त्यामागे योन लेक योहान्सन हा नॉर्वेतला १५ वर्षांचा मुलगा होता. त्याच्या जोडीला दोघे अनामिक. डीव्हीडीवरचा चित्रपट सांकेतिक रूपात बंद केलेला असे आणि त्याची किल्ली परवाना घेतलेल्या प्लेअरमध्येच असे. ती ४० बिटांची, म्हणजे एकंदर शक्य किल्ल्या एक लाख दहा हजार कोटींच्या आसपास. ऐकायला प्रचंड, पण त्या काळच्या संगणकांनाही ते कुलूप कच्चंच होतं. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकासाठी परवान्याचा प्लेअरच मिळत नव्हता. स्वतः पैसे देऊन घेतलेली डिस्क स्वतःच्या संगणकावर पाहायची तर कुलूप उघडण्यावाचून वाट नव्हती. शिवाय जगाचे विभाग पाडलेले होते. अमेरिका विभाग १, भारत विभाग ५. अमेरिकेतल्या नातलगांनी दुकानातून रीतसर घेऊन पाठवलेली डिस्क आपल्याकडच्या प्लेअरने नाकारली, हे त्या वर्षांत बऱ्याच घरांनी पाहिलं. चोरी कुठेच नव्हती. पैसे दिलेले होते, डिस्क अस्सल होती, आणि तरी पाहता येत नव्हतं.

नॉर्वेत योहान्सनवर खटला चालला. २००३ च्या जानेवारीत तो सुटला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अपिलातही सुटला. विकत घेतलेला चित्रपट पाहण्याचा हक्क विकत घेणाऱ्याला आहे, एवढं साधं त्या न्यायालयाला दिसलं. अमेरिकेत मात्र त्याच प्रोग्रॅमच्या प्रकरणाला उलटी दिशा मिळाली, कारण तिथला कायदा बदललेला होता.

हा बदल समजायचा तर थोडं मागे, कागदाकडे जावं लागेल. कागदी पुस्तक विकत घेतल्यावर आपण त्याचं काय काय करतो? वाचतो, पुन्हा वाचतो, समासात टिपणं करतो, आजीला मोठ्याने वाचून दाखवतो, मित्राला देतो (आणि ते परत येत नाही), आवडलेला उतारा वहीत उतरवतो, मुलांची पाठ्यपुस्तकं वर्ष संपलं की धाकट्यांना देतो, उरलेली मुंबईत फाउंटनच्या पदपथावर विकून टाकतो. यातल्या कशासाठीही लेखकाला किंवा प्रकाशकाला विचारावं लागत नाही. कायद्याने लेखकाला हक्क दिले ते प्रती काढण्याचे, प्रकाशित करण्याचे, भाषांतर आणि रूपांतर करण्याचे. वाचणं त्या यादीत कधीच नव्हतं.

प्रकाशकांनी ते यादीत घालायचा प्रयत्न केला नाही, असं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉब्स-मेरिल या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने 'द कॅस्टअवे' या कादंबरीत सूचनाच छापली होती: एक डॉलरपेक्षा कमी किमतीला हे पुस्तक विकलं तर तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीज या न्यूयॉर्कच्या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०८ मध्ये निकाल लागला तो दुकानाच्या बाजूने. एकदा प्रत विकली की त्या प्रतीवरचा विक्रीचा ताबा संपला. जुन्या पुस्तकांची दुकानं आणि ग्रंथालयं ज्या तत्त्वावर उभी आहेत, ते तत्त्व अमेरिकेत अकरा सेंटच्या भांडणातून पक्कं झालं.

वाचकाचा हा वाटा बहुतेक ठिकाणी ठळक अक्षरांत लिहिलेला नव्हता. तो होता तो शेतातल्या वहिवाटीसारखा. पिढ्यानपिढ्या लोक त्या वाटेने जातात, बैलगाडी नेतात, सातबारा शेजाऱ्याच्या नावाचा असला तरी वाट सगळ्यांची असते, आणि कोणी ती अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. कागदी पुस्तकाला वाट अडवताच येत नव्हती. ती अडवणं डिजिटल युगाने शक्य केलं.

यात तंत्राचा एक विलक्षण भाग आहे. कागदावरचं पान वाचताना प्रत निघत नाही. पडद्यावरचं पान वाचताना निघते. फाइल साठवणीतून मेमरीत येते ती प्रत, मेमरीतून पडद्याकडे जाते ती प्रत, दुसऱ्या यंत्रावर उघडली तर आणखी एक. यंत्राला प्रत काढल्याशिवाय वाचताच येत नाही. म्हणजे जे वाचन शतकानुशतकं कॉपीराइटच्या कक्षेबाहेर होतं, ते यंत्राच्या रचनेमुळे अलगद त्याच्या आत आलं. कोणी कायदा बदलला नव्हता आणि वाचकही बदलला नव्हता. बदलली होती ती वाचण्याची यंत्रणा.

कायदा आणि यंत्र यांची पहिली मोठी गाठ पडली ती मात्र डिजिटल काळाच्या आधी, व्हिडिओ कॅसेटवरून. सोनी कंपनीचा बीटामॅक्स रेकॉर्डर १९७५ मध्ये अमेरिकेत आला आणि १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर दावा लावला. लोक घरी टीव्हीवरचे कार्यक्रम टिपून घेतात, यंत्र बनवणारी कंपनी त्याला जबाबदार, असं त्यांचं म्हणणं. हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२ मध्ये संसदेच्या समितीपुढे तर व्हिडिओ रेकॉर्डरची तुलना बॉस्टनमध्ये बायकांचे गळे आवळणाऱ्या खुन्याशी केली.

सोनीच्या बाजूने साक्षीला आलेल्यांत फ्रेड रॉजर्स होते. लहान मुलांसाठी दूरचित्रवाणीवर कार्यक्रम करणारे, हळू आवाजात बोलणारे हे गृहस्थ. अमेरिकेच्या दोन पिढ्या त्यांचा कार्यक्रम पाहत वाढल्या. त्यांनी न्यायालयाला सांगितलं ते असं: आईवडील कामावरून आल्यावर मुलांबरोबर बसून माझा कार्यक्रम पाहू शकत असतील, तर ती त्या कुटुंबांची सोय आहे आणि मला तिच्यात काही गैर दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ही साक्ष आली आहे. १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी सोनी जिंकली. न्यायमूर्तींची खासगी कागदपत्रं पुढे खुली झाली तेव्हा कळलं, की सुरुवातीला बहुमत सोनीच्या विरुद्ध होतं, सुनावणी पुन्हा घ्यावी लागली आणि त्या मधल्या काळात पारडं फिरलं. एका मताचा फरक. कार्यक्रम आपल्या सवडीने पाहण्यासाठी टिपून घेणं हा रास्त वापर, आणि ज्या यंत्राचा बराचसा उपयोग कायदेशीर आहे ते यंत्र विकणं गुन्हा नव्हे, ही दोन सूत्रं त्यातून मिळाली. आणि त्यानंतर काही वर्षांतच स्टुडिओंना व्हिडिओ कॅसेटमधून चित्रपटगृहांपेक्षाही जास्त पैसा मिळू लागला.

मग १९९८ चा ऑक्टोबर आला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्टवर सही केली. त्याचं कलम १२०१ म्हणतं, की कॉपीराइट असलेल्या कृतीकडे जाण्याची वाट अडवणारं कुलूप तोडायचं नाही, आणि ते तोडण्याचं साधन बनवायचं नाही की विकायचं नाही. आत शिरून तुम्ही पुढे काय केलं, चोरी केली की फक्त वाचलं, हा प्रश्नच मागे पडला. आतापर्यंत कायदा कृतीचं रक्षण करत होता, आता तो कुलपाचं करू लागला. बीटामॅक्सच्या निकालाने यंत्राला जी मोकळीक दिली होती ती किल्लीला मिळाली नाही.

याचे परिणाम किती दूरवर गेले ते पाहा. लुइस कॅरलचं 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' १८६५ चं. त्यावरचा हक्क केव्हाच संपलेला. तरी २००० च्या सुमारास निघालेल्या एका ई-आवृत्तीच्या परवानगीपत्रकावर लिहिलेलं होतं: यातला मजकूर उतरवता येणार नाही, छापता येणार नाही, हे पुस्तक कोणाला उसनं देता येणार नाही, कायमचं देता येणार नाही, आणि मोठ्याने वाचता येणार नाही. शेवटच्या ओळीचा रोख यंत्राने वाचून दाखवण्याच्या बटणाकडे होता, असा खुलासा त्या ई-पुस्तकाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या अडोबी कंपनीने नंतर केला. पण ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला पुस्तकात शिरायला ते बटण हेच एक दार.

ई-पुस्तकांवरची अशी बंधनं काढणारा प्रोग्रॅम मॉस्कोच्या एल्कमसॉफ्ट या कंपनीने केला. रशियात तो कायदेशीर होता. कंपनीचा तरुण प्रोग्रॅमर दिमित्री स्क्ल्यारोव्ह जुलै २००१ मध्ये लास व्हेगासला एका परिषदेत या कुलपांचा कच्चेपणा समजावून सांगायला गेला आणि परतीच्या वाटेवर असताना एफबीआयने त्याला हॉटेलात अटक केली. तक्रार होती ती कुलपं करणाऱ्या अडोबीची. लोक रस्त्यावर उतरले, आठवड्याभरात अडोबीने अंग काढून घेतलं, पण खटला राहिला. स्क्ल्यारोव्हला डिसेंबरात मायदेशी जाता आलं. पुढच्या वर्षी, डिसेंबर २००२ मध्ये, सॅन होजेच्या ज्यूरीने त्याच्या कंपनीला निर्दोष सोडलं. व्याख्यान द्यायला आलेला माणूस कोठडीत जातो आणि घर पाहायला त्याला पाच महिने लागतात, यातलं दुःख मला अजून बोचतं.

कुलपाला कायद्याचं बळ मिळालं की ते कशालाही लावता येतं. लेक्समार्क कंपनीने आपल्या प्रिंटरच्या शाईच्या डब्यात एक चिप बसवली आणि दुसऱ्या कंपनीने तशी चिप केली तेव्हा याच कलमाखाली दावा लावला. डब्यातल्या त्या प्रोग्रॅमची लांबी होती ५५ बाइट. देवनागरीचं एकेक चिन्ह संगणकात सहसा ३ बाइट घेतं. म्हणजे ५५ बाइटांत मराठीची १८ चिन्हं मावतात, एक धड वाक्यही नाही. तेवढ्याशा मजकुराचा कॉपीराइट पुढे करून शाईचा बाजार अडवायचा होता. खालच्या न्यायालयात लेक्समार्कला मनाई हुकूम मिळालाही. २००४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. गॅरेजचं दार उघडणाऱ्या रिमोटवरूनही त्याच सुमाराला असाच खटला झाला. ट्रॅक्टर कंपनी जॉन डीअरने तर सरकारला लेखी कळवलं, की शेतकऱ्याला ट्रॅक्टरमधलं सॉफ्टवेअर ट्रॅक्टर चालेल तोवर वापरण्याचा परवानाच काय तो मिळतो.

अमेरिकी कायद्याने एक झडप मात्र ठेवली होती. दर तीन वर्षांनी लोकांनी अर्ज करायचे, पुरावे द्यायचे, कॉपीराइट कार्यालयाने शिफारस करायची, आणि काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाने ठरवायचं की पुढची तीन वर्षं कोणती कुलपं उघडण्याला माफी. देशातल्या ट्रॅक्टरचं, फोनचं आणि हृदयाशेजारी बसवलेल्या यंत्राचं कुलूप उघडावं की नाही, हे एका ग्रंथपालाने ठरवायचं! २००० साली दोनच सवलती मिळाल्या. २००६ मध्ये चित्रपट शिकवणाऱ्या प्राध्यापकांना वर्गात दाखवण्यासाठी तुकडे काढता येऊ लागले. २०१० मध्ये स्मार्टफोनमध्ये आपल्या पसंतीचा प्रोग्रॅम घालण्यासाठी कुलूप काढायला हरकत उरली नाही. २०१५ मध्ये गाड्या आणि ट्रॅक्टर आले, आणि शरीरात बसवलेल्या वैद्यकीय यंत्राची स्वतःची माहिती रुग्णाला वाचता येऊ लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये दुकानांतली खाद्यपदार्थ बनवणारी यंत्रं, त्यांत आइस्क्रीमची यंत्रंही, दुरुस्तीसाठी मोकळी झाली. आइस्क्रीमचं यंत्र दुरुस्त करायला कॉपीराइटमधून सूट मागावी लागते, हे वाक्य १९९८ पूर्वी कोणाला कळलंही नसतं.

या सवलतींत दोन गोष्टी खटकतात. सवलत कुलूप उघडण्याला मिळते, किल्ली बनवून विकण्याला नाही. प्रत्येकाने आपापली किल्ली आपण घडवावी, असाच त्याचा अर्थ होतो, आणि ते किती जणांना जमणार? दुसरी गोष्ट, सवलत तीन वर्षांनी संपते आणि पुन्हा मागावी लागते. ई-पुस्तक यंत्राकडून वाचून घेण्याची अंध वाचकांची सवलत २००३ मध्ये मिळाली, २००६ मध्ये पुन्हा मागून घेतली. २०१० मध्ये कॉपीराइट कार्यालयाने शिफारस केली की आता पुरावा पुरेसा नाही, देऊ नये. ग्रंथपाल जेम्स बिलिंग्टन यांनी ती शिफारस बाजूला सारून सवलत दिली. विकत घेतलेलं पुस्तक वाचता यावं, यासाठी अंध माणसाने दर तीन वर्षांनी नव्याने पुरावा द्यायचा. नूतनीकरणाची वाट पुढे थोडी सोपी झाली, पण मुदत तीच राहिली.

हे मुळातूनच दुरुस्त करावं, असं म्हणणारा एक माणूस वॉशिंग्टनमध्ये होता. व्हर्जिनियाच्या डोंगराळ कोळसापट्ट्यातून निवडून येणारे रिक बाउचर. २००२ मध्ये त्यांनी डिजिटल माध्यमांच्या ग्राहकांच्या हक्कांचं विधेयक आणलं. त्यातला गाभा साधा होता: हेतू कायदेशीर असेल तर कुलूप उघडणं गुन्हा नव्हे, आणि ज्या साधनाचा बराचसा वापर कायदेशीर आहे ते साधन बनवणं हाही गुन्हा नव्हे. बीटामॅक्सचंच सूत्र त्यांना किल्लीसाठी हवं होतं. शिवाय कुलूप लावलेल्या सीडीवर तसं ठळक लिहावं, म्हणजे घेणाऱ्याला आधी कळेल. २००३ मध्ये ते पुन्हा आलं. २००५ मध्ये तिसऱ्यांदा, आणि या वेळी विधेयकाला क्रमांक मिळाला १२०१. ज्या कलमाशी भांडण, त्याचाच आकडा. २००७ मध्ये त्याच क्रमांकाने आणखी एक विधेयक त्यांनी मांडलं. एकही मंजूर झालं नाही. २०१० च्या निवडणुकीत, अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर, बाउचर हरले.

आता ही पुढची गोष्ट. बाउचर यांना जे चार प्रयत्नांत मिळालं नाही, ते जवळजवळ जसंच्या तसं भारताच्या कायद्यात आहे.

मे २०१२ मध्ये आपल्या संसदेने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्त्या केल्या. त्या वेळी चर्चा झाली ती गीतकार-संगीतकारांच्या मानधनाची. राज्यसभेत जावेद अख्तर त्यावर बोलले आणि ते लक्षात राहिलं. त्याच दुरुस्तीतून ६५ अ हे कलम शांतपणे आत आलं. ते म्हणतं, की हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतूने' हा शब्द त्यात आहे आणि सगळा फरक तिथेच पडतो. पुढच्याच पोटकलमात सांगितलं आहे, की या कायद्याने ज्याला स्पष्ट मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप उघडायला हे कलम आड येत नाही. सांकेतिक लिपीच्या संशोधनाला मोकळीक आहे, मालकाच्या संमतीने सुरक्षेची तपासणी करायला आहे. साधन बनवण्यावर वेगळी बंदीच नाही. दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने एवढंच करायचं, की त्या माणसाचं नाव, पत्ता आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवायची. अमेरिकेच्या कलम १२०१ ला जे सुचलं नाही ते आपल्या मसुदाकारांना सुचलं: अपराध हातात नसतो, मनात असतो. भारतात कलम ५२ खाली स्वतःच्या अभ्यासासाठी रास्त वापर, संगणक प्रोग्रॅमची राखीव प्रत, शिक्षकाने वर्गात शिकवताना घेतलेला उतारा, हे सगळं आधीपासून मान्य आहे. ६५ अ मुळे ती वहिवाट कुलपाच्या पलीकडेही चालू राहते.

याच दुरुस्तीत कलम ५२ मध्ये आणखी एक तरतूद आली. अपंगत्वामुळे नेहमीच्या स्वरूपातलं पुस्तक वाचता येत नसेल, तर वाचता येईल अशा स्वरूपात ते कोणालाही करून देता येतं, खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी, संशोधनासाठी. त्यानंतर वर्षभराने, जून २०१३ मध्ये, मोरोक्कोतल्या माराकेश शहरात जगातल्या देशांनी अंध वाचकांसाठी करार केला. अंधांच्या संघटना ज्याला पुस्तकांचा दुष्काळ म्हणतात तो हटवण्यासाठी. करार झाला तर गायला येईन, असा शब्द अमेरिकेचा अंध गायक स्टीव्ही वंडर याने आधी दिला होता आणि तो खरंच आला, गायला. या कराराचं सातवं कलम म्हणतं, की डिजिटल कुलपाला दिलेलं कायद्याचं संरक्षण अंध वाचकाच्या आड येता कामा नये. २०१४ मध्ये या कराराला जगात सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने.

याचा अर्थ सगळं सुरळीत आहे असा नाही. हक्क असणं आणि हातात किल्ली असणं या वेगळ्या गोष्टी. आपला कायदा कुलूप उघडू देतो, पण कंपनीने ते उघडून द्यावं असं बंधन घालत नाही. शिवाय आता बऱ्याच ठिकाणी आपण पुस्तक विकत घेतच नाही, वापराचा परवाना घेतो. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलमधून काही पुस्तकं रातोरात काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, आणि पैसे परत करून. त्यांतलं एक जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' होतं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले, पण कागदी पुस्तक घेतलेल्याच्या कपाटातून दुकानदार ते परत नेऊ शकत नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला, की तुम्ही विकत नाही तर परवाना देता आहात, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगायलाच हवं.

लेखकाच्या बाजूकडे पाठ फिरवून हे बोलता येणार नाही. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती खपायला वर्षं जातात आणि त्याच पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर एका दुपारी गावभर होते. ती चोरी आहे आणि कॉपीराइट कायदा तिला हक्कांचा भंगच म्हणतो. पण ती पीडीएफ पसरवणाऱ्याला कुलपाची अडचण कधीच होत नाही, कारण त्याच्याकडे येणाऱ्या प्रतीला कुलूप नसतं. अडचण होते पैसे मोजून घेणाऱ्याची.

आणि मराठीत तर एक असं कुलूप आहे की ज्याचा उल्लेख कुठल्याच कायद्यात नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि कितीतरी ठिकाणी त्यानंतरही, आपली पुस्तकं श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत जुळवली गेली. त्या फाँटांत पडद्यावर देवनागरी दिसतं, पण आत साठवलेलं असतं रोमन अक्षरं आणि चिन्हं यांचं कडबोळं. डोळ्यांना 'आई' दिसते, यंत्राला भलतंच काही. अशा पुस्तकाची पीडीएफ अंध वाचकाच्या संगणकाने वाचायला घेतली तर अर्थहीन आवाज ऐकू येतात. कोणी मुद्दाम लावलेलं हे कुलूप नाही आणि तरी ते पक्कं आहे. उघडायचं तर मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो, किंवा पान स्कॅन करून ओळखून घ्यावं लागतं आणि मग जोडाक्षरं, रफार, अनुस्वार माणसाने एकेक तपासावे लागतात. मुंबईत वरळीला राष्ट्रीय अंध संघटनेत बोलती पुस्तकं ध्वनिमुद्रित होत आली आहेत ती याच कामाचा दुसरा मार्ग म्हणून.

साने गुरुजी १९५० मध्ये गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, म्हणून २०११ पासून त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेलं लेखन खुलं आहे आणि ते कसंही, कोणालाही करून देता येतं. पण काल प्रकाशित झालेल्या, हक्क पूर्ण शाबूत असलेल्या मराठी कादंबरीचंही असंच आहे, जर वाचणाऱ्याला दिसत नसेल तर. कलम ५२ मधले शब्द 'कोणतीही व्यक्ती' असे आहेत. संस्थेची नोंदणी असलीच पाहिजे असं नाही. कॉलेजातल्या अंध मैत्रिणीसाठी तिचं नेमलेलं पुस्तक तुम्ही युनिकोडमध्ये टंकून देऊ शकता, फोनवर वाचून ध्वनिमुद्रित करून देऊ शकता, आणि ते तिच्याकडून दुसऱ्या अंध विद्यार्थ्याकडे जाऊ शकतं. त्यासाठी प्रकाशकाचं पत्र लागत नाही.